खोल फुली

आमच्या कारखान्यात दारं बनतात. घरांची, दवाखान्यांची, शाळांची, सगळी लाकडी. गेली एकतीस वर्षं एकही दार माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. पॉलिशला जाण्याआधी ते माझ्या टेबलावर आडवं येतं. मी ते पुढून-मागून बघते, चारी कडांवरून हात फिरवते आणि त्याची चिठ्ठी लिहिते. चिठ्ठीत कौतुक नसतं, फक्त ऐब असतात. कुठे गाठ आहे, कुठे चीर भरली आहे, कुठल्या दोन फळ्यांचा रंग जुळत नाही. काहीच नसलं तर 'ऐब नाही' आणि खाली माझी सही. पॉलिश झालं की ती चिठ्ठी सुतळीनं कडीला बांधतात आणि दार तसंच गिऱ्हाइकाकडे जातं.

लोक तोंडावर मला आपा म्हणतात आणि पाठीमागे खुसपटआपा. माझी काही हरकत नाही. खुसपटं काढायचाच मला पगार मिळतो.

तर या खुसपटआपाला दिसेनासं झालं. आधीच सांगून टाकते, लपवाछपवी सात महिने करून झाली आहे. डाव्या डोळ्यासमोर आधी धुकं आलं, मग उजव्याच्या कडेनं ते आत सरकायला लागलं. लांबचा माणूस चालीवरून कळायचा, खोकल्यावरून कळायचा. पण नाकासमोरच्या दारावरची केसाएवढी चीर? नाव नको. आणि मी कुणापाशी एक अक्षर बोलले नाही. ज्या बाईचं काम बघण्याचं, तिला दिसत नाही म्हटल्यावर तिचं करायचं काय? मला त्या टेबलावरून उठायचं नव्हतं. नवरा गेला तेव्हा इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरात बसायचे, चार महिने दहा दिवसही मला जड गेले होते, मला ते टेबल हवं होतं. तिथेच बसून मी माणसात आले होते.

म्हणून मी बोटांवर भागवायला लागले. बोटं हुशार असतात. खड्डा, उंचवटा, सैल सांधा, फुगलेली फळी, सगळं त्यांना कळतं. एकच गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पेन्सिलीची फुली.

ही फुली काय ते सांगते. सुताराला चीर किंवा भोक भरावं लागलं की तो भुसा आणि सरस कालवून भरतो आणि वरून घासून घेतो. चांगल्या हाताचा सुतार असला तर ती जागा इतकी सपाट होते की त्याची त्यालाच दुसऱ्या दिवशी सापडू नये. म्हणून भरल्याबरोबर शेजारी पेन्सिलीनं बारीक फुली करायची. फुली बघून मी चिठ्ठी लिहायची. मग पॉलिशवाला ती फुली घासून टाकतो. फुली जाते, चिठ्ठी राहते.

पद्धत मोठ्या हाजींची, म्हणजे आताच्या हाजीसाहेबांच्या वडिलांची. पैगंबरसाहेबांनी एकदा बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओलं लागलं. विकणाऱ्याला म्हणाले, हे ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. ही हकिगत मोठ्या हाजींनी लहानपणी ऐकली आणि ती त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. दार विकायचं तर ओलं वर ठेवून. सुरुवातीला लोक हसले म्हणे. आपल्याच मालाची बदनामी करणारा दुकानदार कुणी पाहिला होता? मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की चिठ्ठीत आहे त्यापलीकडे या दारात काही निघत नाही. आता जुनी गिऱ्हाइकं दार नंतर बघतात, आधी चिठ्ठी वाचतात.

दुसरी पद्धत मशवऱ्याची, म्हणजे सल्लामसलतीची. मोठं काही ठरवायचं असलं की शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर पॉलिशच्या शेडमध्ये सतरंज्या पडतात आणि आम्ही तेवीसच्या तेवीस जण बसतो. नमाज पढणारे बसतात, न पढणारे बसतात. नोकरीत सगळ्यात नवा असेल त्यानं आधी बोलायचं, मालकानं सगळ्यात शेवटी. मालक आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात, हे मोठ्या हाजींना पक्कं ठाऊक होतं.

यंदा हाजीसाहेबांचे गुडघे अगदीच कुरकुरायला लागले आणि कारखाना मुलीच्या हातात आला. व्यवस्थापनाचं मोठं शिक्षण घेऊन आलेली मुलगी. सगळे तिला मॅडम म्हणतात. मी नाही म्हणत. भुशाच्या ढिगात लोळताना जिला मी कान धरून बाहेर काढलंय, तिला मॅडम म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी तिला पोरी म्हणते.

पोरीनं आल्या आल्या शेडमध्ये माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चादरीएवढा कागद चिकटवला. त्यावर चार चौकोन. आपली ताकद, आपली कमजोरी, आपल्याला संधी, आपल्याला धोके. प्रत्येकानं त्यात लिहायचं. म्हणाली, "आपा, यातून आपलं व्हिजन ठरेल."

"ते काय असतं?"

"लांबचं दिसणं."

मी मनात म्हटलं, डोंबल. इथे जवळचंच दिसेना.

लोकांनी चौकोन भरले. कमजोरीच्या चौकोनात सुतारांनी पॉलिशवाल्यांबद्दल लिहिलं, पॉलिशवाल्यांनी ट्रकवाल्याबद्दल. धोक्यांच्या चौकोनात मिस्त्रींनी मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, 'आपा'. मला वाचून दाखवला तेव्हा सगळी शेड खो-खो हसली. मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य सुतार. सव्वीस वर्षं इथे आहेत. बोलतात कमी, चिडवतात जास्त. मी म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या दाराच्या चिठ्ठ्या आता दोन पानी निघतील." ते म्हणाले, "निघू द्या. वाचायला कुणीतरी लागेल पण." मला ते लागलं, पण चेष्टाच असेल म्हणून सोडून दिलं.

त्याच महिन्यात एक मोठं काम चालून आलं. घरं बांधणाऱ्या एका कंपनीला सहाशे दारं हवी होती. त्यांचा खरेदीचा साहेब आला. खिशात कायम टॉर्च, म्हणून आम्ही त्याला टॉर्चसाहेब म्हणायला लागलो. माणूस वाईट नव्हता, पण चिठ्ठी बघून त्याचा आवाज आंबट झाला.

"आमच्याकडे दोनच रकाने आहेत," तो म्हणाला. "पास आणि नापास. ज्या मालावर पुरवठादार स्वतःच दोष लिहून देतो, तो मी पास कसा करू? चिठ्ठ्या काढा, मग बोलू."

पोरगी माझ्याकडे आली. "आपा, चिठ्ठीऐवजी शिक्के मारले तर? पहिला दर्जा, दुसरा दर्जा."

"आणि गाठ कुठे आहे ते?"

"ते कुणी विचारलं तर सांगू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विचारलं तर? अगं, गिऱ्हाइकाला विचारता येत नाही म्हणून तर आपण सांगतो! तुझ्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर तुला परत भुशात बसवलं असतं."

ती चिडली नाही. माझ्या टेबलाच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "आपा, मला हा कारखाना चालवायचाय. नुसता जपून ठेवायचा नाहीये. तेवीस घरं आहेत यावर. मला चिठ्ठी नको आहे असं नाही, पण ती का हवी ते मला त्या माणसाला पटवता आलं पाहिजे. तुम्ही मदत करा ना."

ठरलं असं की शुक्रवारी मशवरा घ्यायचा, आणि त्याआधी गुरुवारी टॉर्चसाहेबाला नमुन्याची पाच दारं दाखवायची, चिठ्ठ्यांसकट. चिठ्ठी किती खरी असते ते त्यानं स्वतःच तपासावं. ही कल्पना माझीच होती. छाती ठोकून मी म्हटलं होतं, "चिठ्ठीबाहेरचा एक ऐब काढून दाखव म्हणावं."

गुरुवारी सकाळी पाच दारं भिंतीला टेकून उभी होती. टॉर्चसाहेब चिठ्ठी वाचायचा, मग टॉर्च कडेनं तिरपा धरून खालपासून वरपर्यंत न्यायचा. पहिल्या दाराला दोन ऐब, दोन्ही सापडले. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. त्याच्या भुवया वर चढायला लागल्या, म्हणजे पोरगीनं मला तसं कानात सांगितलं. चौथ्या दाराची चिठ्ठी होती 'ऐब नाही'. टॉर्च वर गेला आणि वरच्या बिजागरीपाशी थांबला.

"हे काय आहे?"

पोरगी वाकली. तिनं त्या जागेवर नखानं खरवडून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आपा, इथे वीतभर चीर भरलेली आहे."

मी पुढे झाले. मला तपकिरी दिसलं. नुसतं तपकिरी. बोट फिरवलं तर रेशमासारखं सपाट.

"बिजागरीजवळची चीर," टॉर्चसाहेब म्हणाला. "दाराचं सगळं वजन इथे येतं. आणि चिठ्ठीत ऐब नाही. म्हणजे भरणाऱ्यानं लपवलं."

प्रत्येक दाराच्या माथ्यावर बनवणाऱ्याचा नंबर ठोकलेला असतो. या दारावर चार नंबर होता. चार नंबर म्हणजे मिस्त्री.

"मिस्त्री, फुली केली होती का?" पोरगीनं विचारलं.

मिस्त्री माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण ते कुठे बघतायत ते कळत होतं. "आठवत नाही," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांतली फळीन् फळी ज्यांना आठवते, ते मिस्त्री म्हणाले आठवत नाही!

पोरगी माझ्याकडे वळली. "आपा?"

"मला फुली दिसली नाही," मी म्हटलं.

शब्दन् शब्द खरा होता. आणि त्याच्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेली नाही.

आमच्याकडे उशीर चालतो, मोडतोड चालते, एखादं दार वाया गेलेलंही चालतं. ऐब लपवणारा मात्र चालत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकालाच काढलं होतं, आणि त्याचं नाव अजून कुणी घेत नाही. हाजीसाहेबांना आत खुर्चीत बातमी गेली. ते एवढंच म्हणाले, "उद्या मशवऱ्यात." आणि टॉर्चसाहेबाला निरोप दिला, "तुम्हीही या. आमच्यात कसं चालतं ते बघून मग काय ते ठरवा."

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी गोदामात गेले. तिथे गेल्या तीन-चार महिन्यांची, गिऱ्हाइकाकडे जायची राहिलेली दारं होती. मला मिस्त्रींच्या हातचं काहीतरी वाईट सापडायला हवं होतं. खोटं कशाला बोलू? त्यांनी पूर्वीही फुल्या चुकवल्यात असं एखाद्या दारात निघालं असतं तर माझं ओझं उतरलं असतं. चार नंबरची दारं शोधून मी एकेकावरून हात फिरवत गेले.

आणि एका दारावर बोट अडकलं. पॉलिशखाली फुली होती. पेन्सिलीची नव्हे, खिळ्याच्या टोकानं ओरखडून काढलेली. पुढच्या दारावरही तशीच. आणखी दोन दारांवर तशाच, खोल.

मग मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी मिस्त्रींच्या फुल्या अशा व्हायला लागल्या होत्या आणि मी भर शेडमध्ये त्यांच्यावर ओरडले होते. "मिस्त्री, हातात पेन्सिल आहे की कुदळ? तुमची फुलीच ऐब म्हणून लिहावी लागेल मला!" सगळे हसले होते. मिस्त्रीही हसले होते, म्हणाले होते, "बरं आपा, पेन्सिल घेतो." दुसऱ्या दिवसापासून फुल्या पुन्हा बारीक झाल्या.

या माणसाला माझे डोळे कळले होते. कळल्यावर त्यानं कुणाला सांगितलं नाही, माझ्या बोटांना सापडेल अशी फुली करायला लागला. आणि मी त्याला चारचौघांत गप्प केलं. मी तिथेच दारांच्या मधे मटकन बसले आणि मला रडू आलं. लाज वाटून आलं, दुसरं काही नाही.

घरी गेले तर सूनबाई स्वयंपाकघरात ताट घेऊन तांदूळ निवडत होती. सकाळी तेच तांदूळ मी निवडून ठेवले होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

ती दचकली. "काही नाही अम्मी, सहज."

"किती दिवस झाले हे सहज?"

तिनं ताट खाली ठेवलं. "चार महिने. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. डॉक्टरांकडे चला म्हटलं असतं तर तुम्ही मला फाडून खाल्लं असतं."

"खाल्लंच असतं," मी म्हटलं. मग मी तिच्याशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. नंतर म्हणाली, "अम्मी, ते मिस्त्री उद्या खरं बोलणार नाहीत."

"का?"

"मीही बोलले नसते."

शुक्रवारी सतरंज्या पडल्या. हाजीसाहेब खुर्चीत, टॉर्चसाहेब कडेला, मांडी घालायची सवय नसल्यामुळे अवघडून बसलेला. चौथं दार समोर उभं होतं. पोरगीनं आधी सहाशे दारांचं काम आणि चिठ्ठीचा प्रश्न मांडला, मग दाराचा.

सगळ्यात नवी होती पॅकिंगवाली, तीन महिन्यांची. ती उठली. "मला जास्त कळत नाही. माझ्या माहेरचं दार इथलंच आहे. चिठ्ठी अजून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. भाऊ आल्यागेल्याला दाखवतो, म्हणतो, बघा, एवढाच दोष आहे." ती खाली बसली. तिच्यानंतरचे दोघं म्हणाले, चिठ्ठी जाऊ दे, काम मोठं आहे. पॉलिशवाला म्हणाला, शिक्का आणि चिठ्ठी दोन्ही ठेवा. कुणी काही, कुणी काही. मिस्त्रींचं नाव कुणीच काढेना. बोलणारे त्या दाराकडे बघायचे आणि विषय बदलायचे.

पाळी मिस्त्रींवर आली. त्यांच्यानंतर मी, माझ्यानंतर पोरगी आणि शेवटी हाजीसाहेब.

मिस्त्री उभे राहिले. "चिठ्ठी ठेवा," ते म्हणाले. "आणि या दाराची चूक माझी. फुली करायची राहिली. तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे."

सव्वीस वर्षांत त्या माणसानं केलेला एकही ऐब लपवला नव्हता, आणि आज न केलेला अंगावर घेत होता. माझा संताप संताप झाला. त्यांच्यावर नव्हे, स्वतःवरच.

मी उभी राहिले. एप्रनच्या खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतोच. मी वरची चिठ्ठी काढली, तळहातावर ठेवून लिहिली, भोक पाडलं, सुतळी ओवायला गेले तर ओवता येईना. दोनदा, तीनदा. शेवटी पॅकिंगवालीनं ओवून दिली. मी ती माझ्या एप्रनच्या वरच्या बटणाला बांधली.

"पोरी, वाच," मी म्हटलं.

ती पुढे आली. माझ्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तिला अडखळत वाचावं लागलं. "माल, आपा. ऐब, डावा डोळा पूर्ण धुरकट, उजवा अर्धा. सात महिने लपवला. फुली मिस्त्रींनी केली होती. मला दिसली नाही."

"करायची राहिली होती," मिस्त्री म्हणाले.

"गप्प बसा!" मी ओरडले. "गोदामात चार दारं आहेत, जाऊन हात लावून बघा कुणीही. या माणसानं माझ्यासाठी खिळ्यानं फुल्या केल्या, आणि मी त्याला कुदळ म्हटलं. कुणाला काढायचंच असेल तर मला काढा. ऐब मी लपवलाय. दाराचाही आणि माझाही."

बोलून झालं. मिस्त्रींनी माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. पोरगी तशीच उभी होती, तिच्या हातात चिठ्ठीचं टोक होतं. ती भिंतीवरच्या कागदाकडे वळली.

"कमजोरीचा चौकोन आपण सगळ्यांनी भरला," ती म्हणाली. "एकानंही त्यात स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. मीही नाही." मग ती माझ्यासमोर बसली. "आपा, आल्यापासून मी रोज तुमच्यासमोरून गेले. माझ्या आराखड्यात तुमच्या टेबलाची जागा आहे, पण एकटी बाई एकतीस वर्षं सगळी दारं बघते आणि तिची तपासणी करणारं कुणीच नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. ही पद्धतीतली चीर आहे. ती माझी." पुढचं ती भराभर बोलली. चिठ्ठी राहणार. प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या, एक डोळ्यांची, एक बोटांची. प्रत्येक दाराला क्रमांक, आणि चिठ्ठीची नक्कल कॉम्प्युटरमध्ये. आणि सात महिन्यांत गेलेल्या दारांत काय चुकलंय ते शोधून गिऱ्हाइकाला घरी जाऊन सांगायचं.

"ते कसं शोधणार?" पॉलिशवाल्यानं विचारलं.

"मला आठवतात," मिस्त्री म्हणाले. "सगळी."

काल ज्यांना आठवत नव्हतं, ते! मला रडता रडता हसू आलं.

हाजीसाहेब सगळ्यात शेवटी बोलले. "ओलं वर आलं," ते म्हणाले. "आता वाळेल. कुणी कुठे जायचं नाही. आपा, उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि हा मशवरा नाही, हुकूम आहे."

टॉर्चसाहेबाला उठताना पाय झिणझिणल्यामुळे भिंतीचा आधार घ्यावा लागला. तो काही कबूल करून गेला नाही. फक्त म्हणाला, "आमचे सगळे पुरवठादार मला सगळंच पास पाठवतात. मग माणसं राहायला आली की दारं वाकतात, आणि कुठलं कुणाचं ते कुणालाच ठाऊक नसतं." आणि ते चौथं दार मागून घेतलं. मी त्याची चिठ्ठी नव्यानं लिहिली, मिस्त्रींनी खाली सही केली.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आधी डावा काढू, मग उजवा. एवढंच. सात महिने मी ज्याला मरणासारखी भ्यायले होते, ते सूनबाईच्या मावशीचं मागच्याच वर्षी होऊन गेलं होतं!

ऑपरेशनच्या तारखेला अवकाश होता तोवर मी आणि मिस्त्री दारोदार फिरलो. एकोणीस दारं निघाली. मिस्त्री बोट ठेवून चीर दाखवायचे, मी माफी मागायचे आणि नवी चिठ्ठी द्यायचे. एका गृहस्थानं आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. दोघांनी दार बदलून मागितलं, ते बदललं. बाकीच्यांना आधी काही कळेचना. एक म्हातारे शिक्षक म्हणाले, "म्हणजे दार नीट चालतंय, मला काही दिसलं नव्हतं, आणि तुम्ही ते सांगायला आलात?" त्यांनी आम्हाला बसवून घेतलं, शेजारच्यांना बोलावलं आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या शेजाऱ्यांनी पुढच्या आठवड्यात चार दारं सांगितली.

टॉर्चसाहेबाच्या कंपनीनं सहाशे दारं सांगितली नाहीत. साठ सांगितली, चिठ्ठ्यांसकट, बघू म्हणून. पोरगीनं त्यांच्या कागदात तिसरा रकाना घालून घेतला, पास आणि नापास यांच्या मधोमध. ऐब सांगून दिलेला माल. तो रकाना मिळवायला तिला सात बैठका लागल्या, आणि मी तिला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. एकदाच. तिला ते अजिबात आवडलं नाही.

डाव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी कारखान्यात गेले. शेडमध्ये भुसा उन्हात उडत होता आणि त्यातला कण न् कण मला वेगळा दिसत होता. टेबलाशेजारी दुसरं टेबल आलं होतं, तिथे पॅकिंगवाली बसली होती, डोळे मिटून दारावर बोटं फिरवायला शिकत होती. ती तयार होईपर्यंत दुसरी सही मिस्त्रींची. भिंतीवरचा कागद तसाच होता. कमजोरीचा चौकोन आता भरून वाहत होता, प्रत्येकाच्या स्वतःच्या अक्षरात. धोक्यांच्या चौकोनात अजून 'आपा' होतं.

"हे खोडायचं राहिलं वाटतं," मी म्हटलं.

"उजवा डोळा बाकी आहे ना अजून," मिस्त्री रंधा मारता मारता म्हणाले.

माझ्यासमोर दार आलं. चार नंबर. खालच्या कोपऱ्याजवळ चीर भरली होती. माझ्या नव्या डोळ्याला ती भरलेली रेघ लख्ख दिसली, आणि शेजारी फुली. खिळ्यानं ओरखडलेली, हातभर लांबूनही दिसेल अशी.

"मिस्त्री! पेन्सिल आहे की कुदळ?"

शेडमध्ये सगळे हसले. मिस्त्रींनी मान वर केली नाही, पण रंधा थांबला होता. पॉलिशवाला काचकागद घेऊन आला, म्हणाला, "द्या आपा, घासून टाकतो."

"हात लावू नको," मी म्हटलं. मी नवी चिठ्ठी घेतली आणि सावकाश, सरळ ओळीत लिहिलं. खालच्या कोपऱ्याजवळ बोटभर चीर, भरलेली आहे. तिच्याशेजारी एक खोल फुली आहे. ती एका माणसानं दुसऱ्यासाठी मुद्दाम केली आहे. मग खाली सही केली आणि दुसऱ्या सहीसाठी चिठ्ठी मिस्त्रींकडे सरकवली.